खुलेपणा मोजणारी मराठी मापनी : विधानं तपासायला मदत हवी आहे

अनवट

मंडळी, पीएचडीसाठी मी मराठी भाषक प्रौढांचा 'अनुभवांबाबतचा खुलेपणा' (नव्या अनुभवांची, कल्पनांची, सौंदर्याची ओढ) मोजणारी मापनी, म्हणजे विधानांची प्रश्नावली, तयार करते आहे. विधानांचा पहिला खर्डा झालाय, पूर्वचाचणी व्हायची आहे. इथे गावाकडचे, शहरातले, परदेशातले, शेतीपासून संगणकापर्यंत नाना कामांतले सदस्य आहेत. तज्ज्ञ समितीच्या नजरेतून निसटेल ते तुम्हाला दिसेल, म्हणून हा धागा. आधी थोडी पार्श्वभूमी, मग अडलंय कुठे ते सांगते.

व्यक्तिमत्त्वाच्या 'पाच मोठ्या' घटकांबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि खुलेपणा. पहिल्या चारांवर संशोधकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. पाचव्याचं नावसुद्धा धड ठरत नव्हतं. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरच्या कोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचून काढले. त्यामागचा विचार असा, की माणसांना एकमेकांबद्दल जे महत्त्वाचं वाटतं त्याला भाषेत शब्द मिळतोच. रेमंड कॅटेलने ती यादी छाटत छाटत ३५ गटांवर आणली. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना वेगवेगळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा पाचच घटक मिळाले. पाचव्याला त्यांनी 'संस्कृती' म्हटलं, म्हणजे सुसंस्कृतपणा. लुईस गोल्डबर्गने त्याला बुद्धीच्या अंगाने नाव दिलं. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मक्रे शब्दकोशाच्या वाटेने गेलेच नाहीत. बॉस्टनमधल्या माजी सैनिकांच्या वार्धक्याच्या अभ्यासात कॅटेलची १६ घटकांची चाचणी वापरली होती. तिची उत्तरं त्यांनी १९७६ मध्ये तपासली, तेव्हा चिंता आणि बहिर्मुखता यांच्याखेरीज आणखी एक पुंजका दिसला. त्याला त्यांनी अनुभवांबाबतचा खुलेपणा म्हटलं. मिल्टन रोकीच यांची खुल्या आणि बंद मनाची मांडणी त्यांच्यासमोर होतीच.

१९९२ ची त्यांची 'एनईओ-पीआय-आर' ही शोधिका २४० विधानांची आहे. तीत खुलेपणाचे सहा उपघटक: कल्पनारंजन, सौंदर्यदृष्टी, भावना, कृती, विचार आणि मूल्यं. प्रत्येकाची आठ विधानं. सोटो आणि जॉन यांच्या २०१७ च्या ६० विधानांच्या मापनीत मात्र तीनच उपघटक आहेत: बौद्धिक कुतूहल, सौंदर्यसंवेदना आणि सर्जक कल्पनाशक्ती. ॲश्टन आणि ली यांच्या सहा घटकांच्या मांडणीत 'रूढीबाह्यता' हा उपघटक येतो. कॉलिन डीयंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या घटकाचे सरळ दोन भाग केले. एका बाजूला बुद्धीची भूक, दुसऱ्या बाजूला सौंदर्याची आणि कल्पनेची ओढ. मला ही दोन भागांची मांडणी सगळ्यांत पटते. गणिताच्या कोड्यात रात्र घालवणारी पण गाण्याकडे ढुंकून न पाहणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि उलटही.

आता कळीचा मुद्दा. अमेरिका-युरोपच्या शहरी, शिकलेल्या लोकांबाहेर पडलं की या पाचांची मांडणी डळमळते. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शिकार, मासेमारी आणि फिरती शेती करणाऱ्या समाजातल्या ६३२ प्रौढांना गर्व्हन आणि सहकाऱ्यांनी प्रश्नावली दिली (२०१३ चा अभ्यास). पाच घटक निघालेच नाहीत. जोडीदाराकडून माहिती घेऊन पाहिलं, तरी नाही. हाँगकाँगच्या फॅनी च्युंग यांनी चिनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातून आणि साहित्यातून व्यक्तिमत्त्वाची स्वतंत्र शोधिका उभी केली, तिच्या पहिल्या आवृत्तीत खुलेपणाचा वेगळा घटक आला नाही. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी मुद्दाम तिथल्या जगण्यातून खुलेपणाची विधानं तयार करून घातली. त्यांतली बरीच पुढारपण करण्याच्या, लोकांत वावरण्याच्या गुणांशी जाऊन मिळाली. मला हे फार मोलाचं वाटतं. त्या समाजात नवं काही करणारा माणूस म्हणजे चारचौघांत पुढे होणारा माणूस, असा तो जोड असू शकतो.

मराठीत काम झालेलंच नाही असं मुळीच नाही. पुण्यात लोधी, देव आणि बेल्हेकर यांनी 'एनईओ-पीआय-आर'च्या मराठी रूपावर काम केलं आणि ते २००२ मध्ये पाच घटकांच्या जगभरातल्या अभ्यासांवरच्या ग्रंथात प्रसिद्ध झालं. माझा पाया तोच आहे. पण भाषांतर केलेल्या मापनीत प्रश्न आधीच ठरलेले असतात. मला विधानं इथल्या जगण्यातून उचलायची आहेत.

कारण माझी धारणा अशी आहे, की खुलेपणाची मापनी पुष्कळदा माणसाच्या ओढीऐवजी त्याला मिळालेली संधी मोजते. शिक्षण, पैसा, मोकळा वेळ, एकट्याने बाहेर पडायची मुभा. 'मला कलादालनात जायला आवडत नाही' अशा अर्थाचं विधान गोल्डबर्गने सर्वांसाठी मोफत ठेवलेल्या विधानसंग्रहात आहे. ज्या तालुक्यात कलादालनच नाही तिथला माणूस त्यावर काय सांगणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाईंना मी 'मला चित्रांची प्रदर्शनं बघायला आवडतात' असं विधान वाचून दाखवलं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रदर्शन म्हंजी साड्यांचं का? लागतंय की दिवाळीच्या आधी. बघून काय करायचं, घ्यायचं नसलं तर?" मग सहज विषय निघाला म्हणून दारातल्या रांगोळीबद्दल विचारलं. त्या रोज वेगळी काढतात. का, तर "कालचीच काढली तर मन लागत न्हाई." ज्या बाईंना माझ्या विधानावर पाचपैकी एक गुण मिळाला असता, त्या नवेपणाच्या ओढीने रोज सकाळी अंगणात बसतात. ही ओढ पकडणारी विधानं मला हवी आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या आठवा. त्या रचणाऱ्या कितीतरी बायांनी शाळा पाहिलेली नव्हती. सौंदर्यदृष्टी शिक्षणाच्या वर्षांवरून मोजणारी कुठलीही मापनी त्यांना शून्याच्या जवळ बसवेल.

खर्ड्यातली काही विधानं देते. 'एखादी ओवी, अभंग किंवा गाण्याची ओळ ऐकून माझ्या अंगावर शहारा येतो.' 'कुणाचं म्हणणं पटलं नाही तरी ते तसं का म्हणतात हे मला जाणून घ्यावंसं वाटतं.' 'ठरलेल्या पद्धतीने काम होत असेल तर त्यात बदल मला नकोसा वाटतो' (याचे गुण उलटे). 'रोजच्या कामात नवीन काही करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.' 'एखादी गोष्ट कशी चालते हे कळेपर्यंत ती माझ्या डोक्यातून जात नाही.'

कुठे खटकतं, कुठे कळत नाही, तुमच्या भागात याचा वेगळाच अर्थ कुठे लागेल, हे सगळं हवं आहे.

---

रानजाई

वाचतेय. फार चांगला धागा. एक निरीक्षण: तुमची जवळजवळ सगळी विधानं 'मला आवडतं, मला वाटतं, माझ्या अंगावर' अशी आहेत. 'मी करतो / मी करते' टाळण्यासाठी का?

---

अनवट

अगदी बरोबर ओळखलंत. क्रियापदाला लिंग लागतं, आणि 'करतो/करते' असं तिरकी रेघ मारून छापलं की वाचताना अडखळायला होतं. मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर आणखीच पंचाईत. पण टाळाटाळीची किंमतही आहे. सगळी विधानं आवडीनिवडी आणि भावना विचारतात, प्रत्यक्ष कृती विचारतच नाहीत. त्यामुळे बायकांसाठी आणि पुरुषांसाठी दोन वेगळे छापील नमुने करायचे, शब्द तेच, फक्त क्रियापद वेगळं, असा विचार आहे. मग 'ओळखीचा रस्ता सोडून मी कधी कधी मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जाते' असं विधान घालता येईल.

---

संख्यारेषा

संख्याशास्त्र हाच माझा व्यवसाय, म्हणून आकड्यांबद्दल लिहितो. 'क्रॉनबाख अल्फा ०.९ आला म्हणजे मापनी उत्तम' असं प्रबंधांत सर्रास लिहिलेलं असतं. अल्फा म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा. तो विधानांच्या संख्येबरोबर वाढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.२ धरा. १० विधानांना अल्फा येतो ०.७१, २० ना ०.८३, ४० ना ०.९१. मापनीची गुणवत्ता तीच, फक्त लांबी वाढली. आणि एकच गोष्ट पाच तऱ्हांनी विचारली की सहसंबंध आपोआप वाढतो, अल्फा आणखी चढतो. 'मला कविता आवडतात', 'कविता वाचताना मला आनंद होतो', 'मी कवितेत रमतो' अशी विधानं घातली तर अल्फा सुरेख येईल आणि मापनी फक्त कवितेची होईल.

माझ्या सूचना. घटक किती ठेवायचे हे 'आयगेन मूल्य (घटक उत्तरांतला किती फरक समजावतो त्याचा आकडा) १ पेक्षा जास्त' या जुन्या नियमाने ठरवू नका, तो नियम जास्तीचे घटक काढतो. जॉन हॉर्नने १९६५ मध्ये सुचवलेलं समांतर विश्लेषण करा: तुमच्या विदेइतकीच (उत्तरांच्या आकडेवारीइतकीच) निव्वळ यादृच्छिक आकड्यांची विदा बनवायची आणि तिच्यातून निघणाऱ्या मूल्यांपेक्षा मोठे असतील तेवढेच घटक धरायचे. शोधक घटक विश्लेषण (विधानांचे गट कसे पडतात ते शोधणारं) ज्या लोकांवर केलं त्याच लोकांवर पुष्टिकारक विश्लेषण (सापडलेली रचना टिकते का ते तपासणारं) करू नका. दुसरा गट घ्या. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

---

अनवट

मनापासून धन्यवाद. अल्फाबद्दल पूर्ण सहमत, ओमेगा हा तशाच कामाचा दुसरा आकडाही काढणार आहे. रांगोळी, गाणं, कुतूहल, परके विचार असे विषय एकमेकांपासून लांब ठेवले की अल्फा थोडा खाली येईल, आणि तो मला चालेल. खुलेपणा हा मुळात रुंद गुण आहे. त्याची मापनी अरुंद करून आकडा सजवण्यात अर्थ नाही.

नमुन्याचंही ठरलं आहे. पहिल्या गटावर शोधक, दुसऱ्या स्वतंत्र गटावर पुष्टिकारक, आणि त्याच दुसऱ्या गटात शहरी-ग्रामीण, स्त्री-पुरुष अशी मापन-समानतेची तपासणी. एखादं विधान एकाच पातळीचा खुलेपणा असलेल्या शहरी आणि ग्रामीण माणसांना वेगवेगळे गुण देत असेल तर ते काढणार. संधी आणि ओढ यांची गल्लत तिथेच पकडता येते.

---

कृष्णाकाठी गुरुजी

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सर्वेक्षणाची कामं आम्हा शिक्षकांकडे येतात, त्यामुळे अनुभव सांगतो. 'पूर्णपणे सहमत, काहीसा सहमत, तटस्थ' हे वाचून दाखवलं की वयस्कर माणसं गोंधळतात. 'तटस्थ'ला तर काही उत्तरच येत नाही. शेवटी सगळे 'हो, बरोबर आहे' म्हणतात. सरकारी माणूस आलाय, कागद भरतोय, त्याला नाही कसं म्हणायचं.

त्याऐवजी आणे वापरून बघा. "हे तुम्हाला किती आणे लागू पडतं?" सोळा आणे, बारा आणे, आठ आणे, चार आणे, की अजिबात नाही. आमच्याकडे साठीच्या पुढच्या माणसांना हे लगेच कळतं. त्यांच्या बोलण्यातच आहे, "सोळा आणे खरं बोललास".

---

रानजाई

गुरुजी, सोळा आणे पटलं!

---

अनवट

गुरुजी, ही सूचना मी जशीच्या तशी घेते आहे. शून्य, चार, आठ, बारा, सोळा या पाच पायऱ्या सारख्या अंतराच्या आहेत, ही मोठीच गोष्ट. लिकर्टच्या १९३२ पासूनच्या पद्धतीत आपण 'काहीसा' आणि 'पूर्णपणे' यांतलं अंतर सारखं मानतो, पण ते मानणारे आपण, उत्तर देणारा मानतो की नाही कुणास ठाऊक. तरुणांना आणे कळतील का हे बघावं लागेल. त्यांच्यासाठी शेकडा किंवा चढत्या उंचीचे खांब. दोन्ही रूपांतून येणारे गुण जुळतात का तेही तपासेन.

'हो ला हो' म्हणण्याचा मुद्दा तर मापनाच्या इतिहासातला मोठा धडा आहे. रोकीच यांच्या कट्टरपणाच्या मापनीत सगळी विधानं एकाच दिशेची होती. 'सहमत' म्हणालं की कट्टर. मग गुण कट्टरपणाचे की मान डोलावण्याच्या सवयीचे, हा प्रश्न तिला कायमचा चिकटला. लाजाज आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये २३ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली ९४,७५१ लोकांची उत्तरं तपासली. घरी जाऊन, समोरासमोर विचारून घेतलेल्या उत्तरांत पाच घटकांची रचना नीट दिसेना, आणि मान डोलावण्याची सवय हे त्याचं एक कारण निघालं. इंटरनेटवरून भरलेल्या उत्तरांत रचना बरी दिसत होती.

उपाय म्हणून अर्धी विधानं उलटी घालतात. पण 'मला नवीन विचार आवडत नाहीत' असलं काही लिहिलं की 'नाही'ला 'नाही' म्हणताना कमी शिकलेला माणूस वाक्यातच अडकतो. म्हणून उलटी विधानं 'नाही' न वापरता लिहायची. 'जुन्या चालीने चाललेलं असलं की मला बरं वाटतं' असं.

---

गोदाकाठ

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आमचं घर पिढ्यानपिढ्या वारकरी. अशा चाचण्यांत देवधर्म मानणारा, चालीरीती पाळणारा माणूस 'बंद मनाचा' ठरतो, असं दिसतं. इंग्रजीतल्या एका चाचणीत तर मी कुठल्या विचारांच्या उमेदवाराला मत देतो हे विचारलं होतं. त्याचा माझ्या मनाच्या खुलेपणाशी संबंध काय? माझे आजोबा माळकरी होते, आणि गावात दुसऱ्या जातीच्या माणसाबरोबर पंगतीला बसणारे पहिले तेच होते. त्यांना माळेनेच तिथे बसवलं.

---

अनवट

तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि तो या मापनीच्या मुळाशी जातो. तुम्ही सांगता ते विधान त्या मोफत संग्रहात आहेच: उदारमतवादी उमेदवारांना मत देण्याबद्दलचं. ते अमेरिकेतल्या दोन पक्षांच्या राजकारणात अर्थ धरतं. नाशिक किंवा लातूरच्या मतदाराला त्याचा काय बोध होणार? 'मूल्यं' हा उपघटक कोस्टा-मक्रे यांच्या रचनेतही सगळ्यांत कच्चा दुवा आहे, इतर उपघटकांशी त्याचं कमी जुळतं. अनेक देशांत त्याची विश्वसनीयता खाली येते.

म्हणून मी तो उपघटक सरळ वगळला आहे. त्याच्या जागी परक्या माणसाकडे, परक्या विचाराकडे कान देण्याची तयारी मोजते आहे, श्रद्धेबद्दल एकही विधान नाही. परंपरा पाळणं आणि मन बंद असणं या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. त्या खरोखर वेगळ्या आहेत का, हे आकड्यांनी दाखवावं लागेल. धार्मिकतेची वेगळी मापनी त्याच लोकांना देणार आहे. माझ्या मापनीचे गुण धार्मिकतेच्या गुणांशी जोराने उलटे जात असतील, तर मी खुलेपणा सोडून दुसरंच काही मोजते आहे. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये हाच आग्रह धरला होता: मापनी जिथे जुळायला हवी तिथे जुळते एवढं दाखवून भागत नाही, जिथे जुळायला नको तिथे जुळत नाही हेही दाखवा.

आजोबांची गोष्ट फार मोलाची आहे. तिच्यातून एक विधान तयार करते: 'ज्यांच्याकडे आमच्या लोकांचं जाणं-येणं नव्हतं अशांच्या पंगतीला बसायला मला संकोच वाटत नाही.'

---

संख्यारेषा

अनवट ताई, या विधानात 'नव्हतं' आणि 'वाटत नाही' असे दोन नकार आले. शिवाय 'संकोच वाटतो' असं जाहीर कबूल करणारा माणूस विरळा. सगळे सोळा आणे म्हणतील. ज्या विधानाला सगळे एकच उत्तर देतात ते काहीच मोजत नाही.

---

अनवट

पटलं. सगळ्यांना 'योग्य उत्तर' माहीत असलेल्या विषयावर थेट विचारून उपयोग नाही. याच्या जवळपासचं, पण ज्यात मान-अपमान नाही असं विधान शोधते.

---

मुग्धा ह.

मी नोकरी करते तिथे बढतीच्या आधी सगळ्यांना ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी दिली होती. माझा 'खुलेपणा' कमी आला, आणि नव्या प्रकल्पावर दुसऱ्याला घेतलं. कारण लेखी कुठेच दिलं नाही. ती चाचणी इंग्रजीत होती, प्रश्न संग्रहालयं, परदेशी पदार्थ, तत्त्वज्ञानाच्या गप्पा असे. मी दोन मुलं आणि आजारी सासरे सांभाळून नोकरी करते. मला नवीन पदार्थ खायला वेळ नाही, पण कामात नवीन प्रणाली आली की सगळ्यांत आधी मीच शिकते. मला खरंच प्रामाणिक उत्तर हवंय: अशा गुणांवर माणसाबद्दल निर्णय घ्यावा का?

---

अनवट

मुग्धाताई, वाचून वाईट वाटलं. प्रामाणिक उत्तर: एकट्या अशा गुणावर असा निर्णय घेऊ नये. तीन कारणं सांगते, त्यातलं तिसरं तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं.

गुणांना अर्थ येतो तो मानकांमुळे. तुमचा 'कमी' कुणाच्या तुलनेत कमी? मानकं दुसऱ्या देशातल्या लोकांवर बसवलेली असतील, तर तुलना तुमची आणि त्यांची झाली. दुसरं, प्रत्येक गुणाला मापनदोषाची मर्यादा असते. दोन माणसांच्या गुणांतला लहानसा फरक बहुतेकदा त्या मर्यादेच्या आतच असतो. आणि तिसरं, सप्रमाणता (मापनी जे मोजायचं तेच मोजते याचा पुरावा) मापनीला एकदाच मिळत नाही. ती त्या मापनीच्या विशिष्ट वापराला मिळते. क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये रचना-सप्रमाणतेची मांडणी केल्यापासून हा विचार पक्का होत गेला आहे. संशोधनासाठी चांगली असलेली मापनी बढतीसाठी चांगली ठरत नाही, जोवर तिचे गुण त्या कामातलं यश सांगतात हे त्या ठिकाणी दाखवलेलं नाही. ती चाचणी तिथे त्या कामासाठी पडताळली होती का, आणि मानकं कोणत्या लोकांवरची होती, हे लेखी विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे असं मला वाटतं.

माझ्या मापनीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिणार आहे, की निवड, बढती, प्रवेश किंवा लग्न जुळवण्यासाठी ही वापरू नये.

---

दूरदेशी

अमेरिकेत बरीच वर्षं आहे. दोन शंका. स्वतःबद्दल स्वतःच सांगायचं, तर प्रत्येक जण स्वतःला खुल्या मनाचाच समजणार ना? आणि आमच्यासारखे बाहेर राहणारे तुमच्या नमुन्यात आहेत का?

---

अनवट

पहिली शंका रास्त आहे. म्हणून जवळच्या माणसाकडूनही तीच मापनी भरून घेणार आहे, नवरा-बायको किंवा जुना मित्र. सिमीन वझीर यांच्या २०१० च्या कामात असं दिसलं, की चिंता, बेचैनी अशा आतल्या गोष्टी माणसाला स्वतःला जास्त नीट कळतात, पण बुद्धी-सर्जकतेसारख्या, ज्यांच्याबद्दल प्रत्येकाला बढाई मारावीशी वाटते अशा गुणांबाबत जवळच्या माणसाचा अंदाज जास्त खरा निघतो. आणखी एक सुंदर अभ्यास सॅम गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांचा, २००२ चा. अनोळखी लोकांना फक्त कुणाची तरी झोपायची खोली किंवा कामाची जागा दाखवली, माणूस दाखवलाच नाही. त्यावरून त्यांनी सगळ्यांत बरोबर ओळखलेला गुण होता खुलेपणा. शब्दांपलीकडचा पडताळा म्हणून मलाही असं काही करता आलं तर हवंय.

परदेशस्थ मराठी भाषक पहिल्या टप्प्यात नाहीत. स्थलांतर हाच खुलेपणाशी गुंतलेला निर्णय आहे, आणि त्यात शिक्षण आणि ऐपतही आहे. सगळं एकत्र मिसळलं तर काहीच सुटं करता येणार नाही.

---

रानजाई

शहाऱ्याचं विधान मला सगळ्यांत आवडलं. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत रोमांच आहेच, आणि कीर्तनात तो आपण सगळ्यांनीच अनुभवलाय. हे मुद्दाम घेतलंत का?

---

अनवट

हो, मुद्दाम. मक्रे यांनी २००७ मध्ये जवळपास पन्नास संस्कृतींमधली विदा पाहिली, तेव्हा कवितेने किंवा कलेने अंगावर काटा येण्याबद्दलचं विधान खुलेपणाच्या सगळ्यांत भरवशाच्या खुणांपैकी एक ठरलं. शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. सोलापूरच्या त्या बाईंनी या विधानावर लगेच बाही वर करून हात दाखवला आणि देवीच्या गोंधळाचं नाव घेतलं. म्हणून विधानात 'गोंधळ', 'भारूड' घालायचा विचार आहे, पण यादी लांबली की विधान फुटतं. कोणी गाण्याला हो म्हणेल, कोणी अभंगाला. बहुधा 'गाण्याचे बोल ऐकून' एवढंच ठेवेन.

---

कृष्णाकाठी गुरुजी

ताई, काल आईला तुमची विधानं वाचून दाखवली. वय ७४, शिक्षण चौथी. आणे लगेच कळले. शहाऱ्याला सोळा आणे. 'कशी चालते हे कळेपर्यंत' याला बारा आणे, आणि मिक्सर उघडून बसल्याची आठवण सांगितली. पण 'पटलं नाही तरी ते तसं का म्हणतात हे जाणून घ्यावंसं वाटतं' याला म्हणाली, "काही नाही. शून्य. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची सवय नाही मला." मी म्हटलं, आई, तसं नाही, विचाराबद्दल विचारतायत. तर म्हणाली, "तेच की. चौकशाच त्या." गंमत म्हणजे आमच्या ओसरीवर सगळ्या पक्षांची माणसं येऊन बसतात, आणि ती सगळ्यांचं ऐकून घेते.

---

अनवट

गुरुजी, आईंना माझा नमस्कार सांगा. हे विधान तज्ज्ञांनी एकमताने 'आवश्यक' ठरवलं होतं. विधान आवश्यक आहे का यावर तज्ज्ञांची मतं मोजणाऱ्या लॉशच्या पद्धतीने दहा तज्ज्ञांमध्ये किमान गुणोत्तर ०.६२ लागतं (निम्म्यांचा होकार म्हणजे ०, सगळ्यांचा म्हणजे १), म्हणजे नऊ जणांनी होकार द्यावा लागतो, आणि याला दहाच्या दहा मिळाले होते. तरी आईंच्या कानावर ते चांभारचौकशी म्हणून पडलं. त्यांच्या पिढीतल्या अनेक बायकांना तसंच ऐकू येईल.

नवं रूप असं करते: 'आपल्यापेक्षा वेगळ्या मताचा माणूस बोलत असला तर मला त्याचं शेवटपर्यंत ऐकावंसं वाटतं.' आता याला आई काय म्हणतात ते सांगाल का? या वेळी आण्यांचा आकडा नंतर विचारा. आधी त्यांना त्याचा अर्थ काय लागला ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. इतर कुणाला घरच्या मोठ्यांना विचारायचं असेल तरी हीच पद्धत. माणूस कुठल्या तालुक्यातला, वय काय, शिक्षण किती, एवढंच लिहा, नाव नको. पूर्वचाचणीत जुनं आणि नवं, दोन्ही विधानं वेगवेगळ्या नमुन्यांत छापते आहे.